मागच्या दाराचं अन्न

मला गंगापूर रोडवर 'खरकटेकाकू' म्हणायचे. तोंडावर नाही, तेवढी कोणाची छाती नव्हती. पण बायका भाजीच्या गाडीपाशी उभ्या असल्या आणि मी समोरून आले, की एकीच्या कोपराचा ढोसा दुसरीला बसायचा तो मला दिसायचा. दिसू दे. माझं नाव सुधा गायधनी. सासरे गंगेवर, म्हणजे नाशकात गोदेच्या घाटावर, उपाध्येपण करत, नवरा वीज मंडळात, आणि मी लग्नातलं उरलेलं अन्न गोळा करते. माझी नणंद याला आमच्या घराण्याची उतरती भाजणी म्हणते. नणंदेला मी कधी काही विचारायला गेलेले नाही.

हे सुरू कसं झालं ते आधी सांगते, म्हणजे माझ्या मुलीच्या, ओवीच्या लग्नात काय घडलं ते कळेल.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. शेजाऱ्यांच्या मुलीचं लग्न गंगापूर रोडवरच्या एका मोठ्या कार्यालयात होतं. नाव सांगत नाही, आता ते पाडून तिथे फ्लॅट झालेत. तेव्हा नाशकात बुफेचं नवं नवं खूळ आलं होतं. परत रांगेत उभं राहायला नको म्हणून लोक एकदाच ताटात डोंगर करून घ्यायचे आणि अर्धा डोंगर तसाच टाकून द्यायचे. माझ्या साडीवर कोणीतरी मठ्ठा सांडला, म्हणून मी नळ शोधत मागच्या अंगणात गेले. तिथे भटारखाना होता. आचारी विड्या ओढत बसले होते आणि कार्यालयाचा एक माणूस मसालेभाताच्या भरलेल्या पातेल्यावर डब्यातून काहीतरी पांढरं ओतत होता. मला आधी ताक वाटलं. मग वास आला. फिनेल होतं ते.

भात अजून वाफाळत होता. वर खोबरं-कोथिंबीर पेरलेली होती, म्हणजे त्या पातेल्याला अजून डाव लागला नव्हता.

मी म्हटलं, "हे काय चाललंय?"

"शेठचा हुकूम हाय," तो म्हणाला.

शेठ म्हणजे वाल्मीकशेठ, कार्यालयाचे मालक. ते तिथेच होते. त्यांनी मला अगदी शांतपणे समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. पलीकडे बिल्डिंगांची कामं चालली आहेत. तिथले बिगारी, त्यांची बायकापोरं वास आला की भिंतीवरून उतरतात, पातेल्यात हात घालतात, भांडणं होतात, वऱ्हाडी मंडळींना ते बरं दिसत नाही. फिनेल ओतायला लागल्यापासून कोणी फिरकत नाही. "आता कशी शांतता असते बघा," ते म्हणाले.

त्या शांततेनं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना काय काय बोलले ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. उपाध्यांच्या घरची सून असं बोलते हे त्यांना नवीन होतं, मलाही नवीनच होतं. मी दम घ्यायला थांबले, तर माझ्या मागून कोणीतरी माझ्याहून वरच्या पट्टीत सुरू झालं.

ती नवसाबाई. गंगापूर गावाकडे त्यांचा मळा, झेंडू आणि शेवंती लावायचे. सकाळी ती आणि तिचा नवरा गोटीराम मॅटाडोरमधून मांडवाची फुलं घेऊन यायचे, आणि संध्याकाळी गाडी रिकामी जायला नको म्हणून ताटांतलं खरकटं पिंपात भरून मळ्यातल्या खतखड्ड्यासाठी न्यायचे. त्या दिवशी त्या माणसानं डब्यातलं उरलेलं फिनेल तिच्या पिंपातही ओतलं होतं.

"मानसाच्या तोंडचा घास घालवला तो घालवलाच," ती म्हणाली, "पर आता ह्ये मातीला बी चालायचं नाय. गांडुळं मरत्यात ह्यानं. शेठ, तुम्ही अन्न मारलं आन् वर माती बी मारायला निघाले."

"जमत नसेल तर दुसरीकडे बघा," वाल्मीकशेठ म्हणाले.

"बघते की. मंग फुलं बी दुसरीकडूनच आणा."

तिनं पिंप तिथेच आडवं केलं, गोटीरामभाऊंना हाक मारली आणि निघाली. मीही तिच्या मागे निघाले. लग्नाचा आहेर माझ्या पिशवीतच राहिला, तो दुसऱ्या दिवशी नेऊन दिला.

त्यानंतर आम्ही दोघींनी शहरातली बाकीची कार्यालयं धरली. नवसाबाई फुलांच्या निमित्तानं आत शिरायची, मी नवरीच्या आईला गाठायची. नवरीच्या आईला त्या दिवशी कोणीच काही विचारत नसतं, त्यामुळे मी "उरलेलं नेऊ का?" विचारलं की ती बिचारी पटकन हो म्हणायची. दुधाचे कॅन गोळा केले. येताना फुलं, जाताना अन्न, असा मॅटाडोरचा फेरा ठरला. आणि आमचा एकच नियम होता. भांड्यातलं माणसाला, ताटातलं मातीला. ज्याला कोणाचा हात लागला, ते कितीही चांगलं दिसू दे, माणसाला द्यायचं नाही. ते नवसाबाईच्या खड्ड्यात जायचं, पत्रावळी, सुकलेली तोरणं, शेण सगळ्यासकट. काही महिन्यांनी ते उकरलं की काळंभोर, भुसभुशीत, मातीच्या वासाचं खत निघायचं. मी एकदा मूठभर हुंगलं तर नवसाबाई म्हणाली, "बाई, खाऊ नका, द्यायचंय ते शेवंतीला."

अन्न आम्ही बिल्डिंगांच्या कामांवर न्यायचो. तिथे पेठ-सुरगाण्याकडची माणसं कामाला असत. पहिल्या दिवशी मी मोठ्या उत्साहानं कॅनचं झाकण उघडलं आणि म्हटलं, "घ्या, लग्नातलं आहे." कोणी पुढे आलं नाही. भागीबाई म्हणून एक बाई होती, डोक्यावर घमेल्याची चुंबळ तशीच. ती म्हणाली, "उष्टं आहे?"

"नाही हो, भांड्यातलं आहे."

"औषध टाकलेलं?"

म्हणजे फिनेलची बातमी तिथे केव्हाच पोचली होती. मी नाही म्हटलं, शपथ घेतली. भागीबाईनं माझ्याकडे खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "मग तू खा पहिलं."

त्या लोकांत सगळ्यांना तूच म्हणतात, कलेक्टर आला तरी. मला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते वेगळ्याचंच. आमच्या घरात बाहेरचं पाणीसुद्धा विचारून प्यायचे. मी तिथे विटांच्या ढिगावर बसले, ओंजळीत भात घेतला आणि खाल्ला. सगळे माझ्या घशाकडे बघत होते. मी गिळला, मग ते जेवायला बसले. तेव्हापासून तीच रीत पडली. मी पहिला घास खाल्ल्याशिवाय भागीबाई कोणाला हात लावू द्यायची नाही. रोजचं झालं तरी नाही, ओळख झाली तरी नाही. मला ते आवडायचं. फुकट मिळतंय म्हणून मान तुकवायची, हे तिला ठाऊकच नव्हतं.

आता ओवीचं सांगते.

ओवी माझ्यासारखी नाही, तिच्या बाबांसारखी आहे. हळू बोलणारी, मनात ठेवणारी. कॉलेजात तिला पोरी 'खरकट्यांची ओवी' म्हणायच्या हे मला फार उशिरा कळलं, तेही दुसऱ्याकडून. पोर्चमध्ये कॅन उपडे घातलेले असायचे म्हणून तिनं मैत्रिणींना घरी आणणं बंद केलं होतं. कधी भांडली नाही. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं, भांडण मला येतं.

तिनं गौरांगला पसंत केलं. मुलगा चांगला, इंजिनिअर, सिन्नरच्या वसाहतीत त्यांचा कारखाना. त्याची आई मंदाकिनीबाई, म्हणजे माझ्या होणाऱ्या विहीणबाई, दिसायला देखण्या, बोलायला गोड. साखरपुड्याला माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमच्या समाजकार्याबद्दल ऐकलंय हं आम्ही. फक्त लग्नात तेवढं ते डबे-कॅन नको. आमच्याकडची मोठमोठी माणसं येणार, कोणी काही म्हणायला नको."

मी काही म्हणणार, तेवढ्यात आमच्या ह्यांनी माझ्या पायावर पाय दिला.

आणि मग कळलं की कार्यालयही त्यांनीच ठरवलंय. तेच. वाल्मीकशेठचं. गंगापूर रोडवर त्याच्याएवढं मोठं दुसरं नव्हतं. मी घरी येऊन सांगितलं, त्या उंबऱ्यात मी पाय ठेवणार नाही, लग्न गंगेवर लावा नाहीतर झाडाखाली लावा. ओवी रात्रीची भांडी आवरून झाल्यावर स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, मला एक दिवस दे," ती म्हणाली. "त्या दिवशी तू मागे जायचं नाहीस. भटारखान्याकडे बघायचंसुद्धा नाही. काय उरलं, कुठे गेलं, काही विचारायचं नाही. त्या दिवशी तू फक्त माझी आई."

"आणि शेठनं फिनेल ओतलं तर?"

"तरी."

तिचे डोळे भरले होते. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी शब्द देत नाही सहसा, कारण दिला की पाळते. तो दिला.

नवसाबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "पोरीचं बरोबर हाय. एक दिस तोंड बंद ठेवलं तर काय मरत नाय तुम्ही." मग म्हणाली, "फुलं मात्र माझीच. पोरीला मावशीकडून. आन् गाडी काय, कुठं बी उभी राहती."

लग्न वैशाखात, अगदी दाट तिथीला. आपल्याकडे दाट तिथीला काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. एका माणसाला तीन तीन लग्नं असतात. एकीकडे अक्षता टाकायच्या, दुसरीकडे आहेर द्यायचा, तिसरीकडे जेवायचं. मुलाकडच्यांनी पानांचा आकडा मात्र भरभक्कम सांगितला होता. आमच्याकडून शंभर येतील असं सांगणं त्यांच्या शानेला शोभणार नव्हतं ना. मंगलाष्टकं संपली, टाळ्या झाल्या, आणि मंडप निम्मा रिकामा झाला. लोक फोटो काढून गाड्यांत बसून पुढच्या लग्नाला गेले. बुफेची टेबलं भरलेलीच राहिली. मी तिकडे पाठ करून उभी होते, पण मला पाठीलाही दिसतं. बासुंदी निम्मी तरी शिल्लक होती. भात तर हललासुद्धा नसेल.

आम्हा दोघांना कन्यादानाचा उपास होता. विहिणीची पंगत उठल्याशिवाय नवरीच्या आईनं जेवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. उन्हानं आणि भुकेनं माझं डोकं ठणकत होतं. त्यात वाल्मीकशेठ समोरून दोनदा गेले आणि दोन्ही वेळा मला नमस्कार केला. मी पण केला. शब्द दिला होता.

दुपार कलली तेव्हा विहिणीची पंगत बसली. बाकी सगळं बुफे असलं तरी ही पंगत पाटावरच. चांदीची ताटं, भोवती रांगोळी, उदबत्त्या. मधे मंदाकिनीबाई, शेजारी गौरांग आणि ओवी, मग त्यांच्याकडच्या काकू, माम्या, आत्या. मुलीकडच्यांनी वाढायचं, आग्रह करायचा, त्यांनी नको नको म्हणायचं. मी बासुंदीचं भांडं घेऊन मंदाकिनीबाईंसमोर वाकले, आणि वरच्या झरोक्यातून वास आला.

बासुंदीच्या वासातून तो वास आला आणि माझा हात तिथेच थांबला. मांडीशी नातवंड घेऊन बसलेल्या एका आजी नाक मुरडून म्हणाल्या, "बाथरूम धुताहेत वाटतं." वाटू दे त्यांना. तो वास ओळखणारा एकच चेहरा मला दिसला, खांबापाशी बसलेली नवसाबाई. ती नऊवारीचा पदर खोचत उठली आणि समोरच्या दारानं बाहेर गेली. पाच-सात मिनिटांनी मागच्या बाजूनं पत्र्याच्या फाटकावर थापा पडायला लागल्या.

"काय आहे ते?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"काही नाही, ताई," वाल्मीकशेठ दारातून म्हणाले. "भिकारी असतील. कुलूप आहे फाटकाला."

नवसाबाईला भिकारी म्हणाले. तिच्या मळ्यातला झेंडू त्यांच्या डोक्यावरच्या तोरणात होता. मी भांडं खाली ठेवलं. मंदाकिनीबाईंनी मान न वळवता, ओठ फारसे न हलवता म्हटलं, "विहीणबाई, कबूल केलंय ना आपण?"

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. शेठनं विचारूनच ओतायला घेतलं होतं.

मी ओवीकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती, मुंडावळ्यांमुळे चेहरा दिसत नव्हता. मी परत भांडं उचललं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला माझ्या मुलीचा राग आला, आणि तिची कीवही आली. मी मंदाकिनीबाईंच्या वाटीत बासुंदी वाढली. थोडी रांगोळीवर सांडली. बाहेर थापा चालूच होत्या.

"चला, आता घास भरवा," गौरांगच्या काकूंनी विषय बदलला. "ओवी, नाव घे. नाव घेतल्याशिवाय घास नाही हं. आणि चांगलं लांबलचक घे."

बायका सरसावून बसल्या. ओवीनं आठवडाभर एक उखाणा पाठ केला होता, गोदेचा काठ, चांदण्याची वाट, असं काहीतरी. मी तो न्हाणीघरातून ऐकला होता. तिनं जिलबीचा तुकडा मोडला, गौरांगच्या तोंडापाशी नेला आणि तशीच थांबली. पाक तिच्या मनगटावरून शालूवर ओघळला. सगळ्यांना वाटलं लाजली. मग तिनं मान वर केली आणि नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली,

"बासुंदीच्या पातेल्यावर फिनेलची धार,
गौरांगरावांचं नाव घेते, आधी उघडा मागचं दार."

सवयीनं दोघी-तिघी "वा, वा" म्हणाल्या. एकीनं टाळी वाजवली. मग अर्थ पोचला आणि टाळीचे हात खाली आले.

"ओवी, हा काय प्रकार?" मंदाकिनीबाईंचा आवाज अजून गोडच होता.

"नाव घेतलंय, आई," ओवी म्हणाली. त्यांना ती पहिल्यांदाच आई म्हणत होती. "आता दार उघडलं की घास."

"नंतर बघू ते. आधी भरव त्याला. सकाळपासून उपाशी आहे तो."

"भिंतीपलीकडचे पण आहेत."

तिचा हात तसाच वर होता. गौरांग एकदा आईकडे, एकदा त्या जिलबीकडे बघत होता. त्याची दया यावी अशी अवस्था होती, पण मला काही दया आली नाही. मला बघायचं होतं मुलगा कसा आहे ते. तो वाल्मीकशेठना म्हणाला, "किल्ली द्या."

"अहो गौरांगराव, कार्यालयाचे काही नियम असतात..."

"किल्ली द्या म्हटलं."

"गौरांग," मंदाकिनीबाई म्हणाल्या, "भरल्या पंगतीतून उठायचं नाही. तू उठलास तर मीही उठेन. मग विहिणीची पंगत अर्धवट राहिली असं सगळ्या नाशकात होईल."

हे नुसतं बोलणं नव्हतं. आमच्यात पंगतीतून मधेच उठणं म्हणजे अन्नाचा आणि यजमानाचा दोघांचाही अपमान. तोही कोणाच्या लग्नात, स्वतःच्याच. गौरांगचे कान लाल झाले. तो उठला. सोवळ्याचा सोगा सावरत शेठपाशी गेला आणि हात पुढे केला. शेठनं किल्ली दिली.

मंदाकिनीबाईही उठल्या. ताटाला हात न लावता, पदर सावरून त्या थेट वरपक्षाच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मी अजून जागची हलले नव्हते. लोक म्हणतील, एवढी तोंडाळ बाई आणि लेकीच्या लग्नात खांब होऊन उभी राहिली. पण शब्द ओवीला दिलेला होता, तिच्या सासूला नव्हे, आणि तो मोडायचा हक्क मला नव्हता. ओवीनं माझ्याकडे पाहिलं. मुंडावळ्या तिनं कानामागे सारल्या होत्या.

"आई, तो शब्द मला नको," ती म्हणाली. "जा तू मागे."

अशी धावले मी. पैठणी गुडघ्यापर्यंत वर खोचली आणि धावले.

भाजीचं पातेलं वाया गेलं होतं. फ्लॉवर-बटाट्याच्या रश्श्यावर पांढरा तवंग. तो माणूस भाताच्या पातेल्यावर डबा तिरपा धरून उभा होता, ओतू की नको अशा पेचात. मी डबा त्याच्या हातातून काढून घेतला. गौरांगनं फाटक उघडलं, तशी नवसाबाई आत आली, मागे कॅन घेऊन गोटीरामभाऊ. तिनं लगेच भात, वरण, बासुंदी, पुऱ्या सगळं भरायला घेतलं. आमचे हेही शर्टाच्या बाह्या सरसावून आले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच मागे आले होते, आणि झाकण उलटं लावत होते.

भाजीच्या पातेल्यापाशी नवसाबाई थांबली. गोटीरामभाऊ आणि ती, दोघांनी मिळून ते कड्यांना धरून उचललं, अंगणातून, पंगतीच्या खोलीतून, सगळ्यांच्या देखत नेलं आणि वाल्मीकशेठच्या ऑफिसच्या दारात ठेवलं.

"ह्ये तुमचं," ती शेठना म्हणाली. "मानसाचं नाय, मातीचं नाय. तुम्हीच ठेवा."

परत येताना मला मंदाकिनीबाईंचं ताट दिसलं. चांदीचं, भरलेलं, कोणी बोट न लावलेलं. जिलब्यांचा ढीग, बासुंदीची वाटी, केळफुलाची भाजी. नवसाबाईनं माझ्याकडे पाहिलं. तिलाही तोच प्रश्न पडला असणार. पान मांडलं, वाढलं, समोर माणूस बसलं, म्हणजे ते ताटातलं झालं. ताट चांदीचं आहे म्हणून नियम बदलत नाही. मी ते उचललं आणि सगळं तिच्या पिंपात ओतलं. गौरांगच्या आत्याबाई "अगं बाई" म्हणाल्या. नंतर ऐकलं की सिन्नरपर्यंत ती गोष्ट पोचली, विहिणीचं ताट व्याह्यांनी खतात घातलं म्हणून. खरंच आहे. पुढच्या दिवाळीत त्यावर शेवंती फुलली, ती मी त्यांना पाठवली. त्यांनी परत पाठवली. अजून बोलत नाहीत माझ्याशी. ओवीला त्याचा वर्षभर त्रास झाला, ते मला माहीत आहे, आणि तिनं तो सोसला, तेही माहीत आहे. पण त्या घरच्या एकाही कार्याला आता अन्नावर फिनेल पडत नाही. ओवी स्वतः कॅन मोजून घेते.

ते असो. त्या दिवशी पाठवणीला मंदाकिनीबाई गाडीत तोंड फिरवून बसल्या होत्या. ओवी माझ्या पाया पडली. मला वाटलं आता रडेल, मीही रडायच्या बेतात होते. तिनं माझ्या कानापाशी तोंड आणून विचारलं, "जेवलीस का?"

"नाही अजून."

"मग जा. त्या थांबल्या असतील."

मला तेव्हा कळलं नाही ती कोणाबद्दल बोलतेय. तिला ती रीत माहीत होती. इतकी वर्षं काही न बोलता ती सगळं ऐकत होती.

गाडी वळली तशी मी ह्यांच्या स्कूटरवर मागे बसले, पैठणी नेसून, केसांत गजरा, आणि आम्ही दोघं बिल्डिंगच्या कामावर गेलो. उन्हं उतरली होती. मॅटाडोर कधीची येऊन उभी होती. कॅन विटांच्या ढिगापाशी मांडलेले, झाकणं लावलेली. भोवती माणसं बसलेली, पोरं बसलेली, थाळ्या हातात. कोणी जेवलेलं नव्हतं.

"मी खाते म्हनलं पहिलं," नवसाबाई मला म्हणाली. "ऐकत नाय ही बया. ताईच पायजे म्हनती."

भागीबाईनं झाकण काढलं. मी विटांवर बसले, ओंजळ पुढे केली. तिनं भात वाढला. माझ्या लेकीच्या लग्नाचा भात. पहाटेपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. मी घास तोंडात घातला आणि मला चावताच येईना, इतकं रडू फुटलं. सगळे माझ्या घशाकडे बघत होते. एक पोरगं थाळी मागे घ्यायला लागलं.

"खराब आहे?" भागीबाईनं विचारलं.

"नाही गं," मी म्हटलं, आणि गिळला. "चांगला आहे. वाढ सगळ्यांना."